जमीन विकणाऱ्याचा वकील कुठं असतो?

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. आपल्या तालुक्यात असं घर क्वचितच सापडेल की ज्या घरातल्या कुणी जमिनीच्या कागदावर सही किंवा अंगठा केलेला नाही, किंवा पुढं करणार नाही.

सोयगाव तालुक्यात जमिनीचा खासगी व्यवहार कसा होतो ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. मध्यस्थ घरी येतो. भाव ठरतो. इसार पावती होते. मग घेणारा स्टँप ड्युटी भरतो, घेणाराच दस्त लिहिणारा गाठतो, वकिलाची फी घेणाराच देतो. गाडी करून विकणाऱ्याला आणि साक्षीदारांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो, दुपारचं जेवणही घालतो. विकणारा आधार कार्ड घेऊन येतो आणि मशीनवर अंगठा ठेवतो. त्याला विचारा, "आबा, तुमचा वकील कोण?" आबा म्हणतील, "मला कशाला वकील? मला तर पैसे मिळतायत!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आज त्यावरच लिहायला बसलो. मी वकील नाही. जुने कागद वाचायचा नाद आहे, म्हणून लोक फेरफार, खासरा, जुनी खरेदीखतं घेऊन माझ्याकडं येतात. त्या कागदांतून मला एक गोष्ट कळली. ज्याला पैसे मिळणार असतात तोच या व्यवहारात सगळ्यात एकटा असतो. घेणाऱ्याच्या बाजूनं वकील, लेखनिक, मध्यस्थ. विकणाऱ्याच्या बाजूनं फक्त विश्वास. आणि हे काही आजचं नाही, याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

कागदांची होळी

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. पुढं हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. त्यात रक्तपात फार झाला नाही. शेतकऱ्यांना माणसं मारायची नव्हती, त्यांना कागद हवे होते. रोखे, खतं, गहाणवटी हाती लागल्या की त्यांची होळी करायची आणि पुढच्या गावाला जायचं.

कागदावरच एवढा राग का? कारण कागद लिहिणारा सावकाराचा, वाचणारा सावकाराचा, आणि कोर्टात चालायचा फक्त कागद. खाली अंगठा मात्र शेतकऱ्याचा. तोंडी काय ठरलं होतं, हातात किती पडले, हे न्यायाधीशापुढं सिद्ध होत नव्हतं.

इंग्रज सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ साली पुणे, नगर, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी एक कायदा केला. डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा. कर्जमाफीच्या चर्चेत याचं नाव कधीमधी निघतं. पण त्यातल्या तीन तरतुदींबद्दल कुणी बोलत नाही, आणि आजच्या विषयाला त्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली, ग्राम निबंधक. शेतकऱ्यानं करून द्यायचा दस्त या निबंधकानं स्वतः लिहायचा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहून घ्यायचा. सही-अंगठ्याच्या आधी तो दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचून दाखवायचा. मगच अंगठा.

दुसरी, मोबदला. किती पैसे, कशाबद्दल, हे दस्तात पुरतं आलं पाहिजे.

तिसरी वाचून तर मी चाटच पडलो. शेतकऱ्याच्या विरुद्ध बाजूला वकील उभा असेल आणि शेतकऱ्याची ऐपत वकील लावायची नसेल, तर न्यायाधीश शेतकऱ्याच्या संमतीनं सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या योग्य माणसाला त्याच्या बाजूनं उभं करू शकत होता. मोफत कायदेशीर मदतीचं बी आपल्या महाराष्ट्रात १८७९ साली पडलेलं आहे, मंडळी!

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिलं. कायद्यात दोषही होते. सावकारांनी पळवाट काढली. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत मागू लागले. तोंडी सांगायचं, "पैसे फेडशील तेव्हा जमीन परत देईन," आणि कागदावर कायमची विक्री. म्हणून पुढं दुरुस्ती करावी लागली की विक्री दिसत असली तरी आतून गहाण आहे का, हे कोर्टानं बघावं. ग्राम निबंधकाची पद्धतही काळाच्या ओघात गुंडाळली गेली. पण एक तत्त्व त्या कायद्यानं मान्य केलं होतं: अंगठा करणाऱ्याच्या शेजारी, अंगठ्याच्या आधी, दोन्ही बाजूंशी देणंघेणं नसलेला एक जाणता माणूस पाहिजे.

आपलं सोयगाव मात्र सरहद्दीच्या अलीकडं

आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराच्या खाली, खानदेशाच्या बाजूला. आपलं पाणी तापीकडं जातं. आपला बाजार शेंदुर्णी-पाचोऱ्याचा, बोलीला वळण खानदेशी. पण राज्य कुणाचं? १९४८ पर्यंत निजामाचं. पलीकडं जामनेर-पाचोरा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. बांध एक, पण बांधाच्या दोन बाजूंना दोन कायदे.

पलीकडच्या मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला. जमिनीत कुणाकुणाचा काय हक्क आहे, ते गावच्या दप्तरात लिहायचं. आजच्या सातबाराचा तो पूर्वज. आपल्याकडं हैदराबाद संस्थानात १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा होता. फसली सालात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १९०७-०८. पण रीतसर हक्कनोंदणीचं विनियमन आलं ते १३५८ फसलीत, म्हणजे १९४८-४९ साली. पलीकडच्या आणि अलीकडच्या शेतकऱ्यात पंचेचाळीस वर्षांचा फरक!

तोवर आपल्याकडं काय होतं? पहाणी पत्रक आणि पट्टा. निजामाच्या कायद्यात तीन शब्द आहेत. ते आजही जुन्या कागदांत भेटतात आणि घरं फोडतात, म्हणून नीट लक्षात ठेवा.

पट्टेदार म्हणजे ज्याचं नाव सरकारदरबारी लागलेलं आहे आणि जो सारा भरायला थेट जबाबदार आहे तो. शिकमीदार म्हणजे ज्याचं नाव पट्ट्यावर नाही, पण पट्टेदारासारखाच ज्याचा जमिनीवर हक्क आहे किंवा जो पहिल्यापासून त्याच्याबरोबर कब्जात आहे तो. आणि आसामी शिकमी म्हणजे पट्टेदाराकडून जमीन कसायला घेणारा.

आता खरी गोम बघा. चार भाऊ, जमीन सामाईक, पट्टा थोरल्याच्या नावावर. कायद्यानं बाकीचे तिघं हक्कदार असू शकतात, पण कागदावर एकटा थोरला. त्यानं किंवा त्याच्या नातवानं 'माझ्या बापाच्या नावावर होती' म्हणून जमीन विकली की तीस वर्षांनी धाकट्याची पोरं उभी राहतात. विकणारा खोटं बोलला असं प्रत्येक वेळी नसतं. त्याला पट्टेदार आणि मालक यांतला फरकच कुणी सांगितलेला नसतो.

त्यात भाषेची भिंत. निजामाच्या कोर्ट-कचेरीची भाषा उर्दू. घरातले कागद मोडीत. शेतकऱ्याला दोन्ही वाचता येत नसत. मुन्शी सांगेल ते खरं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम मराठवाड्यात सुरू झालं, तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं लागली. ज्या कागदांवर आपल्या जमिनी उभ्या आहेत ते आपल्यालाच वाचता येत नाहीत, हे त्या वेळी सगळ्या मराठवाड्यानं बघितलं. आरक्षणासाठी ते दप्तर उघडलं गेलं, चांगलं झालं. पण जमीन विकताना ते उघडायचं कुणाला सुचतं?

मुक्तीनंतर: परवानगी आली, सल्ला नाही आला

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं आणि पुढच्या काही वर्षांत जमिनीचे कायदे भराभर बदलले. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. १९५० मध्ये हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला आणि संरक्षित कुळांना जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. १९५४ च्या कायद्यानं इनामं रद्द झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६६ ची जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जायची असेल तर आधी परवानगी, असं कलम ३६-अ त्यात आलं. आपल्या तालुक्यात भिल्ल आणि तडवी कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी हे कलम म्हणजे कवच आहे.

हे सगळे कायदे गरिबाच्या बाजूचे होते, यात शंका नाही. पण त्यांची पद्धत नीट बघा. १८७९ चा कायदा म्हणत होता, अंगठा करणाऱ्याला वाचून दाखवा. १९५० नंतरचे कायदे म्हणतात, परवानगी घ्या. कुळकायद्यानं मिळालेली जमीन विकायची तर कलम ५०-ब, इनामातली विकायची तर परवानगी आणि नजराणा, आदिवासीची विकायची तर जिल्हाधिकारी. जमिनीभोवती कुंपण झालं, पण ते कुंपण कुठं आहे हे विकणाऱ्याला सांगायचं काम कुणाकडंच राहिलं नाही.

म्हणून काय होतं? कूळ म्हणून आजोबाला मिळालेली जमीन नातू विकतो. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बारीक अक्षरात शेरा असतो, वर 'भोगवटादार वर्ग २' असतं. मध्यस्थ म्हणतो, "होऊन जातंय सगळं." खरंतर २०१४ साली यात सवलत आली. कुळानं जमीन विकत घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम शासनाकडं भरून मार्ग मोकळा होतो. आपल्या जिरायतीचा आकार किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. ४० पट केली तरी बहुतेकांसाठी ती इसाराच्या रकमेपुढं काहीच नाही. पण हे विकण्याआधी करायचं असतं. न करता विकली की व्यवहार अडचणीत येतो, घेणारा पैसे परत मागतो, आणि विकणाऱ्यानं ते पैसे तोवर पोरीच्या लग्नात किंवा दवाखान्यात घातलेले असतात. एक तासाच्या सल्ल्यानं जे टळलं असतं, त्याला पुढं दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या.

त्या पायऱ्याही लांबच होत्या. हायकोर्टाचं खंडपीठ आपल्या जिल्ह्याला मिळायला २७ ऑगस्ट १९८१ उजाडावं लागलं.

आजचा दस्त: मशीन आलं, वाचणारा गेला

लोकांना वाटतं, रजिस्ट्री सरकारी कचेरीत होते, साहेब समोर असतो, म्हणजे सगळं तपासलेलंच असणार. तसं नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात निबंधकाचं काम मर्यादित आहे. समोरचा माणूस तोच आहे का, दस्त त्यानंच करून दिलाय असं तो कबूल करतो का, शुल्क भरलंय का. मालकी खरी की खोटी, पैसे मिळाले की नाही, हे ठरवणं त्याचं काम नाही. तमिळनाडूनं नियम केला होता की विकणाऱ्याच्या मालकीचे मूळ कागद दाखवल्याशिवाय नोंदणी करू नये. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये तो नियम रद्द केला. मालकी तपासणं हे निबंधकाचं काम नाही, हाच मुद्दा. सातबारा आणि फेरफार हे महसुलाच्या कामाचे कागद आहेत, त्यांच्यावरून मालकी ठरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलेलं आहे.

आता विकणाऱ्यानं कान देऊन ऐकावा असा एक खटला सांगतो. आपल्याकडचा नाही, सुरतजवळच्या मोटा वराछाचा. शेतकरी कुटुंबानं २००९ साली जमिनीचं खरेदीखत करून दिलं. किंमत १ कोटी ७४ लाखांच्या घरात. खतात ३६ धनादेशांची यादी. कुटुंबाचं म्हणणं, आम्ही निरक्षर, आमच्या हाती फक्त ४० हजार पडले, बाकीचे धनादेश खोटे. खटला दाखल झाला डिसेंबर २०१४ मध्ये. तोवर घेणाऱ्यानं जमीन २०१३ सालीच पुढं विकलेली. ९ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. पूर्ण किंमत मिळाली नाही एवढ्या कारणावरून नोंदणीकृत खरेदीखत रद्द होत नाही. राहिलेले पैसे वसूल करण्याचा मार्ग वेगळा आहे. आणि इथं तर तीन वर्षांची मुदतही टळलेली. दावा सुरुवातीलाच फेटाळला गेला.

ते सुपे, हे सुरत. मधे एकशे चौतीस वर्षं. निरक्षर माणूस, दुसऱ्यानं लिहिलेला कागद, आणि 'मोबदला भरून पावलो' हे वाक्य. १८७९ चा निबंधक शेजारी असता तर त्यानं निदान मोठ्यानं वाचून दाखवलं असतं.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून न्यायालयं म्हणत आली आहेत की पडदानशीन किंवा निरक्षर व्यक्तीकडून लिहून घेतलेल्या दस्तात, तो तिला समजला होता हे दाखवायची जबाबदारी फायदा घेणाऱ्यावर असते. तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता का, हेही बघितलं जातं. पण हे सगळं खटला उभा राहिल्यावर, काही वर्षांनी. सल्ला जेव्हा उपयोगाचा असतो, तेव्हा तो देणारं कुणी नसतं.

मग विकणाऱ्यानं करायचं काय?

एकच मुख्य गोष्ट: स्वतःचा वकील, आणि तोही इसाराच्या आधी. घेणाऱ्याचा वकील माणूस म्हणून कितीही चांगला असला तरी तो घेणाऱ्याचं हित बघायला बांधील आहे. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, ते त्याचं कामच आहे. तुमचं हित बघायला तुमचा माणूस पाहिजे. त्याच्याकडून या गोष्टी तपासून घ्या:

१. जमिनीचा इतिहास. आजचा सातबारा, सगळे फेरफार, आणि मागं जाऊन १९५४-५५ चं खासरा पत्रक, पहाणी. कूळ, इनाम, मदतमाश, खिदमतमाश, सिलिंग, आदिवासी, यातला शेरा कुठं आहे का? असेल तर परवानगी आधी, इसार नंतर.

२. बहिणी. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानंच वाटा आहे आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानं ते पक्कं झालं. आपल्या खरेदीखतात एक ओळ असतेच: 'कोणाची हरकत आल्यास लिहून देणार स्वखर्चाने निवारण करील.' ही ओळ विकणाऱ्याच्या गळ्यात असते, घेणाऱ्याच्या नाही! बहिणीनं दावा केला तर भरपाई तुमच्या खिशातून. बहिणीला हिस्सा द्या, किंवा ती मनानं सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोड करून घ्या. "ताई काही म्हणणार नाही" हा कागद नव्हे.

३. इसार पावती. ही साधी चिठ्ठी नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर ठरल्याप्रमाणं खरेदी करून द्यायला लावणं हा कोर्टाचा नेहमीचा मार्ग झालाय. म्हणजे भाव वाढला म्हणून मागं सरता येईल या भ्रमात राहू नका. मुदत, हप्ते, पैसे न आल्यास काय, हे लिहूनच सही करा. आणि पूर्ण पैसे येईपर्यंत ताबा देऊ नका.

४. मुखत्यारपत्र. "सारखं यायला नको म्हणून" कुणी सही मागत असेल तर थांबा. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की मुखत्यारपत्र आणि साठेखत यांनी मालकी जात नाही. पण मुखत्यार तुमच्या नावानं दुसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखत करून देऊ शकतो, आणि तिथून भांडण तुमच्या दारात येतं.

५. पैसे. 'भरून पावलो' हे पैसे खात्यात दिसल्यावरच. काही रक्कम राहिली असेल तर दस्तात तशीच स्पष्ट लिहा, कारण मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं राहिलेल्या रकमेचा बोजा त्या जमिनीवर विकणाऱ्याच्या बाजूनं राहतो. आणि रोखीचा मोह टाळा. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. इथं पैसे घेणारा म्हणजे जमीन विकणारा. दोन्ही बाजूंचं उत्पन्न निव्वळ शेतीचं असेल तर सूट आहे, पण आपण त्यात बसतो का, हेही विचारूनच.

६. तुकडा. गुंठ्यांचा व्यवहार असेल तर तुकडेबंदी बघा. ऑगस्ट २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे आहे. यात नियम सारखे बदलतायत, म्हणून व्यवहाराच्या दिवशीचा नियम विचारा, चुलत्यानं तीन वर्षांपूर्वी काय केलं ते नको.

आणि घरातलं म्हातारं माणूस आजारी असेल तर त्याला गाडीत घालून नेऊ नका. नोंदणी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणं विशेष कारण असेल तर निबंधक घरी येऊन दस्त घेऊ शकतो.

वकिलाला पैसे कुठून आणायचे?

हा प्रश्न खरा आहे. ज्याला विकायची वेळ येते तो बहुतेक वेळा अडलेलाच असतो.

१९७६ च्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आलं: मोफत कायदेशीर मदत. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न घालता, आणि बाकीच्यांना ठरावीक उत्पन्नाच्या आत मदत मिळते. पूर आणि दुष्काळ यांचे बळीही त्या यादीत आहेत. मराठवाड्यात राहून हे आपल्याला माहीत नसावं?

अनेकांना वाटतं, ही मदत फक्त कोर्टात केस असेल तरच. नाही. कायद्याच्या व्याख्येतच 'कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणं' हे शब्द आहेत. म्हणजे जमीन विकण्याआधीचा सल्लाही त्यात येतो. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे.

आणि हो, जमीन विकायची नसून भावाभावांत ताब्याची अदलाबदल मिटवायची असेल, तर जानेवारी २०२३ ची सलोखा योजना विचारा. बारा वर्षांपासून एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर नाममात्र १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल दस्त होतो. कितीतरी बांधांची भांडणं तिथंच संपतील.

माझं मागणं

आमदार, खासदार, बार असोसिएशन, विधी सेवा समिती, ही पोस्ट ज्याच्यापर्यंत पोचेल त्याला माझं एकच मागणं आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सोयगावच्या दुय्यम निबंधक कचेरीत, दस्त नोंदणीच्या वेळात, विधी सेवा समितीचा एक वकील किंवा प्रशिक्षित विधी स्वयंसेवक बसवा. काम एवढंच: विकणाऱ्याला दस्त मोठ्यानं वाचून दाखवणं आणि तीन प्रश्न विचारणं. "पैसे खात्यात आले का? घरातल्या सगळ्या हक्कदारांना माहीत आहे का? परवानगीची जमीन आहे का?" उत्तर 'नाही' आलं तर नोंदणी अडवायचा अधिकार त्याला नको. त्यानं फक्त सांगावं. ऐकायचं की नाही ते विकणाऱ्यावर.

१८७९ साली, इंग्रजांच्या राज्यात, दंग्यांना घाबरून का होईना, हे पुणे-नगरच्या गावांत सुरू झालं होतं. सोयगाव तेव्हा दुसऱ्या राज्यात होतं म्हणून आपल्या वाट्याला आलं नाही. आता तर आपण एकाच राज्यात आहोत ना?

तोवर आपण आपल्यापुरतं एक करू या. गावात कुणी जमीन विकतोय असं कळलं की 'काय भाव आला?' हे विचारायच्या आधी 'तुमचा वकील कोण?' हे विचारायचं. आबा म्हणतील, "मला कशाला?" त्यांना ही पोस्ट वाचून दाखवा. मोठ्यानं.

शेअर करा, नाव टाकलं नाही तरी चालेल. पण बनोटी, फर्दापूर, सावळदबारा, गोंदेगाव, जरंडी, सगळ्या गावांच्या ग्रुपवर पोचली पाहिजे. कुणाकडं जुनं उर्दू किंवा मोडी खत असेल तर ते फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. कुणाला कायद्याच्या तपशिलात काही भर घालायची असेल, विशेषतः आपल्या तालुक्यातल्या वकील मंडळींना, तर खाली जरूर लिहा.